टाकलेली मुले : रोमपासून वावरपर्यंत

१८७५ साली पंढरपूरच्या न्यायालयात लालशंकर उमियाशंकर त्रवाडी नावाचे एक गुजराती गृहस्थ न्यायाधीश होते. विठ्ठलाच्या या गावात वर्षभर यात्रेकरूंची रीघ असे आणि त्या रीघेत विधवांची संख्या मोठी होती. काही दर्शनाला येत, काहींना घरच्यांनीच आणून सोडलेले असे, तर काही जणी पोटातले मूल लपवण्यासाठी इथल्या गर्दीत मिसळत. बाळंतपण चोरून उरकले जाई. जन्मलेल्या जिवाचे पुढे काय होते, हे गावात कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. त्रवाडींनी त्याच वर्षी एक घर उघडले आणि त्याचे नाव कोणताही आडपडदा न ठेवता बालहत्या प्रतिबंधक गृह असे ठेवले. मुंबईच्या प्रार्थना समाजाने त्याचा कारभार अंगावर घेतला. वा. बा. नवरंगे बालकाश्रम या नावाने ती संस्था पुढे चालत राहिली.

एका न्यायाधीशाला शिक्षेच्या कलमापेक्षा पाळणाघराची गरज अधिक वाटावी, यात या साऱ्या प्रश्नाचे मर्म आहे. मूल टाकणाऱ्या बाईला निर्दय ठरवणे सोपे असते. पण ग्रीस आणि रोमपासून पुण्यापर्यंत आणि पुण्यापासून जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांपर्यंत हा इतिहास पाहत गेले, की तीच गोष्ट पुनःपुन्हा समोर येते. मूल टाकले जाण्याच्या खूप आधी कोणीतरी आईची वाट अडवलेली असते. कधी नवऱ्याने, कधी जातीने, कधी सावकाराने, कधी भुकेने. जिथे ती वाट थोडी मोकळी झाली, तिथे मुले वाचली.

बापाच्या हातातला निर्णय

प्राचीन ग्रीक नगरांत मूल जन्माला आले म्हणजे ते घरात आले असे नव्हे. अथेन्समध्ये जन्मानंतर पाचव्या किंवा सातव्या दिवशी एक विधी होई. बाळाला उचलून घरातल्या अग्नीभोवती फिरवत आणि मगच ते कुटुंबाचे मानले जाई. तोपर्यंत त्याला ठेवायचे की नाही, हा निर्णय बापाचा असे. नको असलेले मूल मडक्यात किंवा टोपलीत घालून गावाबाहेर, रस्त्याकडेला किंवा देवळाजवळ ठेवले जाई. ते मेले तर दैवाने मेले आणि कोणी उचलले तर दैवाने वाचले, अशी त्यामागची समजूत होती. हाताने मारणे वेगळे आणि ठेवून येणे वेगळे, असा फरक तो समाज मनाशी करत असे.

क्रीट बेटावरच्या गॉर्टिन नगराचे कायदे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात दगडी भिंतीवर कोरले गेले. घटस्फोटानंतर बाळंत झालेल्या बाईने काय करावे, हे त्यांत तपशिलाने सांगितले आहे. तिने मूल साक्षीदारांसमक्ष आधीच्या नवऱ्याकडे न्यावे. त्याने नाकारले, तर ते वाढवायचे की टाकायचे हे तिने ठरवावे. न दाखवता टाकले, तर मात्र तिला दंड होई. म्हणजे गुन्हा मूल टाकण्याचा नव्हता. पुरुषाला न विचारता टाकण्याचा होता.

स्पार्टाची गोष्ट सर्वांना माहीत असते: दुबळी मुले म्हणे डोंगराच्या दरीत फेकत. ही माहिती प्लूटार्कची आहे आणि तो त्या काळानंतर कित्येक शतकांनी लिहीत होता. त्या दरीशी जोडल्या जाणाऱ्या कपारीत सापडलेली हाडे मोठ्या माणसांची निघाली, तान्ह्यांची नाही. तरीही व्यंग असलेली मुले वाढवू नयेत, असा कायदा असावा हे मत ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’मध्ये नोंदवून ठेवले आहे. रोमच्या बारा पाटांच्या कायद्यातही विकृत जन्मलेल्या मुलाला मारण्याची मुभा होती. विचारवंतांपासून कायद्यापर्यंत सगळ्यांनी जी गोष्ट गृहीत धरली, ती एखाद्या दरीपेक्षा फार मोठी होती.

रोममध्ये कुटुंबप्रमुखाचा अधिकार आणखी कडक होता. इजिप्तच्या वाळूत ऑक्सिरिंकस इथे सापडलेल्या एका पपायरसने तो घरगुती भाषेत आपल्यापर्यंत पोचवला आहे. इसवी सनापूर्वी १ या वर्षी हिलॅरियन नावाचा एक मजूर अलेक्झांड्रियाहून आपल्या गरोदर बायकोला पत्र लिहितो. काळजी करू नकोस, मजुरी मिळाली की पाठवतो, धाकट्याला जप, असे तो कळवतो. आणि त्याच ओघात, मुलगा झाला तर ठेव, मुलगी झाली तर टाक, असेही सांगतो. पत्रातली माया खोटी नाही. म्हणूनच ते वाचताना काटा येतो. पोट हातावर असलेला हा माणूस क्रूर नव्हता. त्याच्या समाजाने मुलीला खर्चाच्या रकान्यात घातले होते आणि त्याने तो हिशेब तसाच पुढे पाठवला.

अशा किती मुली टाकल्या गेल्या, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. जॉन बॉसवेल यांनी १९८८ साली लिहिलेल्या ग्रंथात टाकलेली पुष्कळ मुले परक्यांच्या घरी वाढली, असे मांडले. विल्यम हॅरिस यांना मृत्यूचे प्रमाण मोठे वाटते. डोनाल्ड एंगल्स यांनी तर मुलींना मोठ्या प्रमाणावर मारले असते, तर लोकसंख्या टिकलीच नसती, असा हिशेब मांडला. अश्कलोन इथे रोमन काळातल्या स्नानगृहाच्या गटारात शंभराच्या आसपास अर्भकांची हाडे सापडली. त्यांतल्या १९ जणांच्या डीएनएवरून लिंग ठरवता आले, तेव्हा १४ मुलगे आणि ५ मुली निघाल्या. टाकलेल्या सगळ्या मुलीच असत, हा समजही सरसकट खरा नाही.

उकिरड्यावरून गुलामीत

टाकलेले मूल उचलणारा दरवेळी दयाळू नसे. रोमन इजिप्तमध्ये उकिरड्यावरून मूल उचलायचे, दाईला दूध पाजण्याचा ठरीव मोबदला द्यायचा आणि मूल गुलाम म्हणून वाढवायचे, असे लेखी करार होत. उकिरड्यावरून आलेल्यांची नावेही उकिरड्यावरूनच पडत. मराठी मुलखात उलट हेतूने तेच घडले. पाठोपाठ मुले दगावली, की नव्या बाळाला क्षणभर उकिरड्यावर ठेवून उचलत आणि उकिरडा, केरू, दगडू अशी नावे ठेवत. नकोसे दाखवले की मृत्यूची नजर पडणार नाही, ही आशा त्यामागे होती. सातारा जिल्ह्यातल्या ‘नकुशा’ नाव पडलेल्या मुलींच्या वाट्याला मात्र खरे नकोसेपण आले. मुलगा हवा असताना झालेल्या या मुली. २०११ साली जिल्हा प्रशासनाने कार्यक्रम घेऊन त्यांतल्या अडीचशेहून अधिक जणींना त्यांच्या पसंतीची नवी नावे दिली.

गुलाम म्हणून वाढलेले मूल जन्माने स्वतंत्र असेल तर काय, हा पेच रोमन सत्तेला सुटत नव्हता. इसवी सन १११च्या सुमारास बिथिनियाचा सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्राजनला तोच प्रश्न विचारला. ट्राजनने उत्तर दिले, की जन्माने स्वतंत्र असल्याचे सिद्ध झाले तर त्याला मोकळे करा आणि पोसण्याचा खर्चही मागू नका. याच ट्राजनने इटलीतल्या गावांत मुलांच्या पोषणासाठी निधी उभा केला. वेलेया गावचा त्याची नोंद असलेला काशाचा पत्रा अजून शाबूत आहे. औरस मुलाला महिना १६ सेस्टर्स, औरस मुलीला १२, अनौरस मुलाला १२, अनौरस मुलीला १०. लाभार्थी ३०० आणि त्यांत मुली फक्त ३६. मदत पोचली, पण जी मुले टाकली जाण्याचा धोका सर्वांत जास्त, त्यांच्या वाट्याला सर्वांत कमी आली.

पुढे ख्रिस्ती सम्राटांच्या काळात कायद्याने बऱ्याच उड्या घेतल्या. कॉन्स्टंटाइनने गरीब पालकांना सरकारी मदत देऊ केली, पण ३२९ मध्ये नवजात मूल विकण्याला मान्यता दिली आणि ३३१ मध्ये उचलणाऱ्याला ते मूल गुलाम म्हणून ठेवू दिले. ३७४ मध्ये आपले मूल वाढवणे पालकांवर बंधनकारक झाले. ५२९ मध्ये जस्टिनियनने टाकलेले प्रत्येक मूल स्वतंत्र ठरवले. ट्राजनच्या उत्तरापासून गुलामीचा मुद्दा निकाली निघायला चार शतके गेली. गरिबीचा मात्र तसाच राहिला.

विधवेची कोंडी

एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात चित्र पालटते. इथे निर्णय बापाचा नव्हता, कारण बाप कुठे दिसतच नव्हता. ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या जातींत विधवेला पुनर्विवाह नव्हता. आठ-दहा वर्षांची मुलगी विधवा झाली, की तिचे केशवपन होई आणि ती त्याच घरात राबत राही. घरातल्याच किंवा ओळखीतल्या पुरुषाने तिला गाठले, तर दोष तिचा. शेतकरी, कारागीर जातींत पाट लावण्याची वाट होती. त्यामुळे चोरटे बाळंतपण आणि विहिरीत टाकलेले मूल ही मुख्यतः वरच्या म्हणवणाऱ्या घरांची गोष्ट होती.

जोतीराव फुले यांनी १८८४ साली सरकारला पाठवलेल्या निवेदनात काशीबाई नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेची हकिगत सांगितली आहे. ती फुल्यांचे मित्र गोवंडे यांच्याकडे स्वयंपाकाचे काम करत होती. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला फसवले. दिवस गेले, औषधे घेऊनही गर्भ पडला नाही. मुलगा झाला, तो तिने मारला आणि विहिरीत टाकला. तिला जन्मठेप होऊन काळ्या पाण्यावर पाठवण्यात आले. शास्त्र्याचे काय झाले, हा प्रश्न न्यायालयाला पडला नाही.

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. विधवांनी इथे येऊन गुपचूप आणि निर्धास्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा इथेच ठेवावे, असे फलक शहरात लागले. ज्या जातीच्या धुरिणांनी त्यांना छळले, त्याच जातीच्या बायकांसाठी माळ्याच्या घराचे दार उघडे होते. १८८४पर्यंत ३५ गरोदर विधवा त्या घरी आल्या. फुल्यांनी सरकारला दिलेला हिशेब मनाला चरे पाडणारा आहे: त्या ३५ मुलांपैकी जगली केवळ ५. बाकीची आईने आधी घेतलेल्या जहाल औषधांच्या माऱ्याने दगावली. दाराशी पोचेपर्यंतच पुष्कळ उशीर झालेला असे.

जगलेल्यांत यशवंत होता. १८७४च्या सुमारास एका ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मलेल्या या मुलाला फुले दांपत्याने दत्तक घेतले, डॉक्टर केले आणि जोतीरावांनी १८८७च्या मृत्युपत्रात त्याला वारस नेमले. १८९७च्या प्लेगमध्ये हाच यशवंत पुण्याबाहेर रोग्यांवर उपचार करत होता. त्या सेवेतच सावित्रीबाईंना प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

१८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती आधी काळ्या पाण्यावर आणि मग पाच वर्षांवर आली. वृत्तपत्रांनी मात्र या निमित्ताने साऱ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून त्याला उत्तर दिले. बाई बिघडली म्हणता, तर तिला बिघडवणारा कोण, हा त्यांचा सवाल मराठीत इतक्या थेटपणे त्याआधी कोणी केला नव्हता. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ मध्ये आणि धोंडो केशव कर्वे यांची अनाथ बालिकाश्रम मंडळी १८९६ मध्ये निघाली. त्यांनी वेगळ्या टोकाने काम सुरू केले. विधवा शिकली, कमावती झाली, पुन्हा लग्न करू शकली, तर पाळण्याची गरजच कमी पडेल, हे त्यांनी ओळखले होते.

पाळणे आणि त्यांच्या मर्यादा

अनाथगृहांचा इतिहास सगळा उजळ नाही. लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलने १७५६ ते १७६० या काळात येईल ते मूल घेण्याचे धोरण ठेवले. सुमारे १५,००० अर्भके आली आणि जेमतेम ४,४०० जगून कामाधंद्याला लागण्याच्या वयाची झाली. वरच्या दुधाची सोय, स्वच्छता आणि आईची ऊब यांपैकी काहीही नसताना एका छपराखाली शेकडो तान्ही ठेवली, की दुसरे काय होणार?

महाराष्ट्रातल्या संस्था या अनुभवातून हळूहळू दत्तकविधानाकडे वळल्या. मुंबईत श्रद्धानंद महिलाश्रम, पुण्यात ससून रुग्णालयाच्या आवारातले ‘श्रीवत्स’ अशी केंद्रे उभी राहिली. ससूनच्या मित्रमंडळाने १९६४ साली स्थापलेल्या ‘सोफोश’ संस्थेचे हे केंद्र. १९७९ साली पुण्यात जन्मलेली एक मुलगी काही आठवड्यांची असताना तिथून दत्तक गेली आणि पुढे ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाची कर्णधार झाली. लिसा स्थळेकर हे तिचे नाव. तिने स्वतःच ही गोष्ट जगाला सांगितली. परदेशी दत्तकाच्या नावाखाली मुलांचा व्यापार होऊ नये, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली लक्ष्मीकांत पांडे खटल्यात नियम घालून दिले आणि त्यातून आजची केंद्रीय दत्तक यंत्रणा घडत गेली.

दरम्यान टाकण्याची जागा बदलली होती. गर्भलिंगनिदानाने उकिरड्याचे काम जन्माआधीच उरकायला सुरुवात केली. महाराष्ट्राने १९८८ साली त्याविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. तरीही २०११च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या १,००० मुलग्यांमागे राज्यात ८९४ आणि बीड जिल्ह्यात ८०७ मुली होत्या. हिलॅरियनचा हिशेब मोटारी आणि दवाखाने असलेल्या घरांतही तसाच चालू होता.

कायदा काय म्हणतो

१८६०च्या दंडसंहितेच्या कलम ३१७ नुसार १२ वर्षांखालचे मूल टाकणाऱ्या आईबापाला सात वर्षांपर्यंत शिक्षा होती. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हेच कलम ९३ म्हणून आले आहे. मंदिराच्या पायरीवर, एसटी स्टँडवर, झुडपात अर्भक सापडले, की ‘अज्ञात महिलेविरुद्ध गुन्हा’ ही बातमी दुसऱ्या दिवशी ठरलेली. अज्ञात पुरुषाचा उल्लेख क्वचितच असतो.

याच्या शेजारीच दुसरा कायदा उभा आहे आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. २०१५च्या बाल न्याय अधिनियमानुसार शारीरिक, मानसिक किंवा सामाजिक कारणाने मूल सांभाळता न येणारी आई किंवा पालक ते बालकल्याण समितीच्या स्वाधीन करू शकतात. समिती चौकशी आणि समुपदेशन करते आणि पालकांना फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. त्या मुदतीत मन बदलले, तर मूल परत घेता येते. नाइलाजाने टाकलेल्या मुलाच्या जन्मदात्यांना क्रौर्याच्या कलमातून सूटही आहे. पंढरपूर आणि पुण्याच्या त्या दोन घरांनी जे काम पदरमोड करून केले, ते आज सरकारचे कर्तव्य आहे. तमिळनाडूत १९९२ साली सेलम जिल्ह्यातून पाळणा योजना सुरू झाली, तीही याच विचाराची. अडचण ही आहे, की ज्या मुलीला याची गरज पडते, तिच्यापर्यंत दोन महिन्यांची ही मुदत पोचतच नाही. पोचतो तो पोलिसांचा धाक.

वावरची मुले

जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्यातले डोंगराळ तालुके. वारली, कोकणा, कातकरी, ठाकर, महादेव कोळी अशी बहुतांश आदिवासी वस्ती. भात, नाचणी, वरई हे पावसाळ्याचे पीक आणि दिवाळीनंतर पोटासाठी स्थलांतर. इथला समाज आणि पुण्या-पंढरपुरातला एकोणिसाव्या शतकातला समाज यांच्यात एक मोठा फरक आहे. विधवेने दुसरा घरोबा केला, तर इथे कोणी तिला वाळीत टाकत नाही. लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून पुष्कळ जोडपी विधीशिवाय संसार सुरू करतात आणि पैसे जमले किंवा सामूहिक विवाह ठरला की धवलेरीच्या, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईच्या, गाण्यांवर लग्न लावतात. तोवर झालेली मुले आईबापांच्या लग्नात हौसेने वावरतात. त्यांना अनौरस म्हणायची पद्धत नाही. ज्या कलंकाने पुण्याच्या विहिरी भरल्या, तो कलंकच इथल्या रीतीत नाही.

मूल टाकण्याचे एक कारण अशा रीतीने नाहीसे होते. पण दुसरे, रोमच्या गरिबाला छळणारे कारण मात्र इथे पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून आहे.

स्वातंत्र्यापूर्वी ठाणे जिल्ह्यात लग्नगडी नावाची प्रथा होती. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घेतले, की नवरा, बायको आणि पुढे होणारी मुले सगळी त्याच्याकडे राबत. १९३०च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन या अधिकाऱ्याच्या सरकारी अहवालात आदिवासींच्या या वेठीची नोंद झाली. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी उठाव करून ही गुलामी मोडली. जन्मण्याआधीच गहाण पडलेले मूल आणि दाईच्या करारावर वाढवलेला रोमन गुलाम यांच्यातले अंतर फार नाही.

प्रथा मोडली, कर्ज राहिले. २०२१ साली मोखाड्यातल्या आसे गावच्या एका कातकरी मजुराने आत्महत्या केली. मुलाच्या कफनासाठी घेतलेल्या ५०० रुपयांपायी तो मालकाकडे राबत होता, असे त्यातून पुढे आले. २०२२ मध्ये शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी भागातली कातकरी मुले मेंढपाळांकडे राबताना सापडली. एका लहान मुलीचा मृत्यू झाल्यावर प्रकरण उघडकीस आले. मूल देण्याच्या बदल्यात आईबापांच्या हाती पडले होते थोडेसे पैसे आणि मेंढीचे आश्वासन. या पालकांनी मूल टाकले म्हणायचे का? रोमन कायद्याने त्याला विक्री म्हटले असते, आपला कायदा वेठबिगारी म्हणतो. त्या घरांतून पाहिले तर एक तोंड कमी झाले आणि मुलाला तिकडे दोन वेळ खायला मिळेल, एवढाच तो हिशेब होता.

आणि मग वावर. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात शंभराहून अधिक बालके कुपोषण आणि आजारांनी दगावली. मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर घडलेल्या या मृत्यूंनी राज्य हादरले. मंत्री, अधिकारी, पत्रकार यांच्या गाड्या तिथे पोचल्या. कोणत्याही आईने ती मुले उकिरड्यावर ठेवली नव्हती. त्यांना दूध पाजणाऱ्या आया स्वतः उपाशी होत्या, दवाखाना दूर होता आणि पावसात रस्ता वाहून जात होता. वावरच्या मुलांना त्यांच्या घरांनी नाही, राज्याने टाकले होते, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

त्यानंतर योजना आल्या. १९९५ पासून नवसंजीवनी, पुढे ग्राम बाल विकास केंद्रे, २०१५ च्या अखेरीस गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना. जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय भागाचा आधार झाले. या साऱ्याने जीव वाचले, हे नाकारता येत नाही. पण २०१६ मध्ये मोखाड्यातल्या खोच इथे कुपोषित बालकाच्या मृत्यूने पुन्हा राज्याचे लक्ष वेधले. ऑगस्ट २०२२ मध्ये बोटोशीच्या मर्कटवाडीत एक बाई वेळेआधी बाळंत झाली, तिची जुळी दगावली आणि रक्तस्राव होणाऱ्या आईला सुमारे तीन किलोमीटर डोलीतून रस्त्यापर्यंत आणावे लागले.

योजना कुठे गळतात, हे इथली अंगणवाडी सेविका नेमके सांगू शकते. दिवाळीनंतर उचल घेऊन कुटुंब भिवंडी, कल्याण, वसईच्या वीटभट्ट्यांवर जाते. गरोदर बाई पाड्यावरच्या यादीत असते आणि भट्टीवर राबत असते. मूल तिकडेच जन्मते, तिकडच्या अंगणवाडीच्या यादीत त्याचे नाव नसते. कुटुंब होळीला परतते तोवर मुलाचे वजन घटलेले असते. रोमच्या कायद्याला चार शतकांत जमले नाही ते इथे जमायला हवे असेल, तर हातात वेळेवर पडणारी रोजगार हमीची मजुरी, भट्टीवर पोचणारा आहार आणि बारमाही रस्ता, या तीन गोष्टींपासून सुरुवात करावी लागेल. तारपा वाजवणारा तारपाकर, शिक्षक, सरपंच सगळे हेच सांगतात.

एक इशाराही इथेच द्यायला हवा. आदिवासी रीत मोकळी असली, तरी बाहेरून येणारा पुरुष त्या मोकळेपणाचा गैरफायदा घेतो. यवतमाळच्या झरी-जामणी तालुक्यातल्या कुमारी मातांचा प्रश्न त्यातूनच पुढे आला. ठेकेदार, व्यापारी, नोकरदार फसवून निघून गेले. त्या मुलींनी मात्र बाळे टाकली नाहीत, वाढवली. पितृत्वाची जबाबदारी कोणाची, हा ताराबाईंचा सवाल तिथे अजून उत्तराची वाट पाहतो आहे.

काय करायला हवे

या आढाव्याचा निष्कर्ष स्पष्ट आहे. शिक्षेच्या भीतीने मूल टाकणे थांबल्याचा दाखला या इतिहासात मिळत नाही. काशीबाईला काळ्या पाण्यावर पाठवले, त्याने पुढची बालहत्या टळली नाही. पाच मुलांचे प्राण वाचले, ते सावित्रीबाईंच्या घरामुळे. त्याचबरोबर, पाळणा हा शेवटचा उपाय आहे. आईच्या हातात अन्न, मजुरी, इज्जत आणि निवडीचा हक्क असेल, तर बहुतेक मुले तिच्याच कुशीत वाढतील.

म्हणून दोन मागण्या तातडीने करायला हव्यात. मूल समितीच्या स्वाधीन करण्याची सोय, दोन महिन्यांची मुदत आणि गुप्ततेची हमी यांची माहिती प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, आश्रमशाळेत आणि एसटी स्टँडवर सोप्या मराठीत आणि तिथल्या बोलीत लावली जावी. आणि कुठेही नवजात अर्भक सापडले, तर पोलिसांनी आईला आरोपी म्हणून नव्हे, उपचारांची गरज असलेली बाळंतीण म्हणून शोधावे.

वाचकांसाठीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. एकटे किंवा टाकलेले मूल दिसले, तर ते परस्पर कोणाला देऊ नका आणि घरीही ठेवून घेऊ नका. कायद्याने तो गुन्हा आहे. मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ या क्रमांकावर फोन करा आणि २४ तासांच्या आत पोलीस किंवा बालकल्याण समितीला कळवा. ओळखीतली एखादी मुलगी अशा अडचणीत असेल, तर तिला दोष देण्याआधी ही सोय तिच्या कानावर घाला.